ढालीची आतली बाजू

ढाल काढणं हे सगळ्यांना सोपं काम वाटतं. तलवारीवर लोक जीव टाकतात, तिच्या मुठीवरच्या नक्षीसाठी बैठकांवर बैठका होतात, राक्षसांच्या शिंगांवरून भांडणं होतात आणि ढाल मात्र कुणाच्या तरी गळ्यात मारायची असते म्हणून मारली जाते. माझ्या गळ्यात ती अशीच मारली गेली, मी क्योतोच्या ह्या ऑफिसात नवीन होते तेव्हा, आणि मग मी ती कुणाला परत दिली नाही. ‘धुक्याचं राज्य’ ह्या आमच्या साहसी व्हिडिओ गेमच्या मालिकेच्या दुसऱ्या भागापासून नायकाच्या हातात जी जी ढाल आली, झाडाच्या सालीची, रेड्याच्या कातड्याची, काशाची, ती मी घडवलेली आहे. ऑफिसात मला ढालबाई म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही, उलट बरंच वाटतं, कारण खेळणारा माणूस तासन्‌तास नायकाच्या पाठीकडे बघत असतो आणि त्या पाठीवर तलवार नसते, माझी ढाल असते. बटण दाबून ठेवलं की नायक ती समोर धरतो, मग बाहेरची बाजू शत्रूकडे जाते आणि आतली आपल्याकडे येते, चामड्याचे पट्टे, खिळ्यांची टोकं, घामानं काळवंडलेली मूठ. आतल्या बाजूकडे बाकीचे ढालवाले दुर्लक्ष करतात. मी कधी केलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. जो ढाल काढतो त्यानं ती एकदा तरी स्वतःच्या हातात धरून मार खायचा. उंटावरून शेळ्या हाकलेल्या आमच्या दिग्दर्शकांना, माकिनोसानना, खपत नाहीत. जाड पुठ्ठा आणि फळी ठोकून ढाल करायची, ती घेऊन मधल्या मोकळ्या खोलीत उभं राहायचं आणि राक्षसांच्या हालचाली बसवणाऱ्यानं समोरून कळकाच्या तलवारीनं तुम्हाला हाणायचं, म्हणजे घाव बसला की खांदा किती मागे जातो, गुडघे किती वाकतात, हे चित्रित होतं. माझ्या पहिल्या वेळी समोर जो उभा होता तो कुनिहिको. मी अंगानं एवढीशी, आणि तो प्रत्येक घावानंतर थांबून विचारायचा की लागलं का. शेवटी मी वैतागून त्याला म्हटलं की बाबा रे, मारायचं तर नीट मार, नाहीतर तलवार खाली ठेव आणि चहा पाज. त्यानं चहा पाजला. लग्न पुढच्या वसंतात झालं.

हे सांगायचं कारण एवढंच की कुनिहिको कसा माणूस आहे ते कळावं. घाव घालायचं काम त्याचं, आणि घाव सोसण्याची ताकद त्याच्यात कधीच नव्हती. चौथ्या भागाच्या शेवटी शेवटी, सगळं ऑफिस पिळून निघत असताना, तो एका दुपारी जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याला उठताच येईना. लोक भोवती जमले, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात ठेवला, आणि त्या प्रत्येक हाताला तो दचकत होता. मी सगळ्यांना बाजूला सारलं, त्याच्यासमोर उभी राहिले, आणि माझ्या आडून त्याला टॅक्सीपर्यंत नेलं. तेव्हापासून तो घरी आहे. डॉक्टर म्हणाले विश्रांती द्या, आणि त्याला वाटेल तेव्हा माणसांत जाऊ द्या. पहिली गोष्ट मी मनोभावे केली. दुसरीची मला घाई नव्हती.

त्याचे फोन मी घ्यायला लागले. मित्र भेटायला येतो म्हणाले की मी म्हणायचे, जरा बरं वाटू दे. त्याची आई, माझ्या सासूबाई, माइझुरुला एकट्या राहतात, त्या दर रविवारी फोन करायच्या आणि मी सांगायचे की आत्ताच डोळा लागलाय. त्याचे बूट मी वरच्या फडताळात ठेवून दिले, दारात आलेल्याला ते दिसायला नकोत आणि प्रश्न नकोत म्हणून. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर तोंड माझ्या नवऱ्याचं होतं. त्याला पुन्हा कुणी त्या पायरीवर बसवावं, हे मी जिवंत असेपर्यंत होऊ देणार नव्हते.

मागच्या शरद ऋतूत एकदा जेवताना तो म्हणाला, नदीपर्यंत जाऊन यावंसं वाटतंय. मी म्हटलं, वारं फार आहे रे, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात त्यानं परत विचारलं, मी परत काहीतरी कारण दिलं. मग त्यानं विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, चला, समजलं त्याला.

थंडी सुरू झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजी मला जिन्यात भेटल्या. फार आढेवेढे घेत त्या म्हणाल्या की दिवसा तुमच्याकडून ठकठक ऐकू येते, काही दुरुस्ती चाललीय का. मी कंबरेत वाकून माफी मागितली, दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा नेऊन दिला, आणि कुनिहिकोला विचारलं. तो त्याच्या खोलीत अंथरुणाच्या कडेला बसला होता, हात मांडीवर घेऊन.

“दार वाजवत होतो,” तो म्हणाला.

मी हसले. त्या सरकत्या दाराला कडी नाही, कधीच नव्हती, कागदी दार ते, बोटानं ढकललं तरी उघडतं. मी म्हटलं, अरे वेड्या, मग उघडायचं की.

“दार कसलं उघडू? समोर तू उभी असतेस ना.”

मी दिवसभर ऑफिसात असते हे त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, लहान मुलाला समजावल्यावर ते हलवतं तशी, आणि मी भाताला पाणी ठेवायला गेले.

त्याच सुमाराला ऑफिसात ढालीचं प्रकरण निघालं. पाचव्या भागात माकिनोसानच्या हट्टानं आम्ही एक नवीन गोष्ट आणली होती. ढाल आता घाव विसरत नाही. भाल्याचं टोक जिथे लागलं तिथे खड्डा राहतो, कुऱ्हाड बसली तर फट राहते, आणि खेळ संपेपर्यंत तुमच्या पाठीवर तुमचा सगळा इतिहास असतो. हे घाव कुणी हातानं काढत नाही, काय लागलं, कुठे लागलं, किती जोरानं लागलं, ह्यावरून ते आपोआप उमटतात. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

इनागाकी नावाची एक बाई आमच्याकडे चाचणीचं काम करते, म्हणजे दिवसभर खेळत राहून चुका शोधते. वयानं माझ्याएवढीच, जिभेला हाड नाही, पण नजर घारीची. ती एका सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली की अहो ढालबाई, तुमच्या ढालीला आतून मार बसलाय. मी म्हटलं, आतून कसा बसेल, आत तर आपलाच माणूस असतो. तिनं मला ओढत नेऊन दाखवलं. सालीच्या ढालीच्या आतल्या बाजूला, मुठीच्या जरा वर, एक गोलसर खड्डा होता. बाहेरची बाजू गुळगुळीत.

असल्या चुका होतात. एखाद्या भाल्याचं टोक हिशेबात ढालीच्या आरपार जातं आणि घाव भलत्या बाजूला उमटतो. आम्ही भालेवाले राक्षस काढून टाकले, खड्डे पडतच राहिले. सगळेच राक्षस काढले, तरी पडत राहिले. मग इनागाकीनं नायकाला एका ओसाड माळावर नेऊन उभा केला, जिथे ससासुद्धा नाही, ढाल समोर धरायचं बटण रबरबँडनं बांधून टाकलं, आणि आम्ही दोघी जेवायला गेलो. मी वाडग्यातलं नुसतं चिवडत बसले होते. ती आपली सोबाच्या शेवया ओरपत माझी चेष्टा करत होती, की सासू येणार असल्यासारखा चेहरा का केलाय.

परत आलो तेव्हा नायक तसाच उभा होता. वारा गवत हलवत होता. ढालीची आतली बाजू खड्ड्यांनी भरली होती, चार-चारच्या ओळी, एकावर एक. स्पीकरमधून आवाज येत होता, लाकडावर काहीतरी मऊ पण जोरानं आदळावं तसा, थांबून थांबून.

“कुणीतरी दार उघडा म्हणतंय,” इनागाकी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला स्वतःच्या विनोदावर हसू आलं नाही. तिनं मूठ वळून पडद्याला लावून पाहिली. चार खड्ड्यांची ओळ तिच्या मुठीपेक्षा रुंद होती. “पुरुषाची मूठ आहे हो. आणि बघा, मधल्या बोटाचा खड्डा उथळ आहे. सगळीकडे तसाच.”

कुनिहिकोच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं हाड शाळेत चेंडू लागून मोडलं होतं आणि खाली दबूनच जुळलं. मूठ वळली की ते एक हाड वर येत नाही. हे मला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. भीती होतीच, ती मी नाकारत नाही, पण भीतीपेक्षा मोठा होता तो राग, की हा माणूस घरात बसून माझ्या ढालीवर, माझ्या ढालीवर, मारतोय. कोणापासून सुटायचंय ह्याला? मी इनागाकीला म्हटलं, मी आजच्या आज हे निस्तरते, वर काही कळवू नका.

आता जे सांगते ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल. तारीख तोंडावर आली की चूक शोधत बसत नाहीत, चूक दिसेनाशी करतात. छत गळतंय तर छतावर चढायला वेळ नसतो, खाली बादली ठेवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी माझ्या जागेवर बसले, संगणकावर ढालीची आतली बाजू उघडली, आणि तिथे लिहून टाकलं की ह्या बाजूला लागलेला आघात हा आघात समजू नये. खूण उमटू नये, आवाज होऊ नये, धरणाऱ्याच्या हाताला झटका जाऊ नये. चार ओळींचं काम. ढाल पुन्हा नवी करकरीत झाली. इनागाकीनं रबरबँड बांधून परत पाहिलं, आवाज बंद, खड्डे बंद. ती चेष्टा सोडून मला आडनावानं हाक मारत म्हणाली, पण कुसुमोतोसान, मारणारा थांबलाय की आपल्याला कळेनासं झालंय? मी म्हटलं, खेळणाऱ्याला दोन्ही सारखंच. माकिनोसान मागून जात होते, त्यांनी तेवढंच ऐकलं आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी घरी शांतता होती. दुसऱ्या दिवशीही. खालच्या आजी जिन्यात भेटल्या आणि हात जोडून म्हणाल्या की आता अगदी निवांत आहे हो, उगाच तुम्हाला त्रास दिला. मला इतकं हलकं वाटलं की मी येताना बाजारातून कुनिहिकोच्या आवडीचं सलगमाचं लोणचं घेतलं. तोही शांत झाला होता. माझ्यासमोर बसून जेवायचा, अधूनमधून ओठ हलायचे, मला वाटायचं घास चावतोय. मी दिवसभरातलं सांगायचे आणि तो ऐकायचा. एकदा त्यानं हात पुढे करून माझ्या तोंडासमोर हलवला, मी तो धरून खाली ठेवला आणि म्हटलं, थंड होतंय, जेव. मला खरंच वाटत होतं की तो बरा होतोय. लग्नानंतरची पहिली वर्षं आठवावीत इतके ते दिवस मला गोड गेले, हे आज सांगताना जीभ अडखळते, पण गेले.

खेळ पूर्ण करून बाजारात जायला दिला आणि नंतरच्या रविवारी, भर दुपारी, दारावरची घंटा वाजली. सासूबाई होत्या. हातात गुंडाळलेली माशाची सुशी, डोक्याला रुमाल, आणि चेहऱ्यावर ठरवून आल्याचा भाव. फोन न करता आल्या होत्या, हे त्यांच्या पिढीच्या बाईनं करणं म्हणजे काय ते सांगायला नको. मी त्यांना बसवलं, चहा केला, म्हटलं आत्ताच डोळा लागलाय त्याचा.

“झोपू दे,” त्या म्हणाल्या. “मी झोपलेला बघेन. झोपलेल्या मुलाला बघायला आईला परवानगी लागत नाही, ओरिएसान.”

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय की त्याला माणसं सोसत नाहीत. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या की डॉक्टरांशी त्या परवाच फोनवर बोलल्या आहेत. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. मी पुढे झाले, पण म्हातारीच्या पायात मला वाटलं होतं त्यापेक्षा बळ होतं. बोळ ओलांडून त्यांनी सरळ त्याच्या खोलीचं दार सरकवलं.

कुनिहिको उंबऱ्याला अगदी चिकटून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. दार उघडलं तरी तो एक पाऊल पुढे आला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आणि उजवी मूठ वर जाऊन सगळ्या अंगाचं बळ लावून खाली येत होती, आमच्या आणि त्याच्या मधल्या मोकळ्या हवेवर. मूठ हवेतच अडायची. पुन्हा वर जायची. कसलाही आवाज नव्हता. स्वयंपाकघरातल्या किटलीत पाणी उकळत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

“हा काय करतोय?” सासूबाई म्हणाल्या.

“व्यायाम,” मी म्हटलं. “हल्ली रोज करतो.”

“अगं, ओरडतोय तो.”

“नाही हो आई. आवाज कुठे आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, त्याच्या चेहऱ्याकडे, आणि म्हणाल्या, “कुनि, बाळा, ये. इकडे ये.” त्यानं त्यांचे हात पाहिले. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच्या ओठांनी त्यांना हाक मारली, ती मला स्पष्ट दिसली.

आणि मी मध्ये गेले. मी काही ठरवलं नव्हतं. त्याला असं रडताना, असं कुणाच्या तरी हाताकडे ओढलं जाताना पाहिलं आणि मला ती जिन्याची पायरी दिसली, बाकी काही नाही. त्याच्याकडे पाठ, त्यांच्याकडे तोंड, गुडघे जरासे वाकवून, दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून मी उभी राहिले आणि हसून, शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं की आज नको, आई, आज त्याला जरा पडू दे, पुढच्या आठवड्यात नक्की.

सासूबाई माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा, एका लयीत, घाव पडताना मिटावेत तसे गच्च मिटत होते.

माझ्या पाठीला काहीच लागत नव्हतं.